माझ्या हातचा घास

माझ्या नवऱ्याचं बोलणं मला कळत नाही, माझ्या जावेला कळतं. नवऱ्याला झालेला आजार, त्याच्या गोळ्या, नाशिकच्या खेपा, हे सगळं मी कुणालाही न अडखळता सांगते. ही एक गोष्ट सांगायची वेळ आली की मात्र माझ्या अंगाचा तिळपापड होतो. दोन वर्षं झाली तरी होतो.

गोरखची जीप होती. मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ अशी तो ती वीस वर्षं चालवत होता. मोखाड्याच्या स्टँडवर चार गाड्या रांगेत उभ्या असल्या तरी त्याची पहिली भरायची, कारण लोक गाडी बघून बसत नसत, त्याच्या आवाजाला भुलून बसत. "चला सूर्यमाळ, चल मावशी, कोंबडीचं तिकीट नाय, मांडीवर घे तिला." बाजाराच्या दिवशी पंचायत समितीच्या दारात उभं राहिलं तरी तो आवाज ऐकू यायचा. लग्नात माईक त्याच्याच हातात असायचा. मी जव्हारकडची, बारावी झालेली, अंगणवाडी सेविका. मला हा नवरा पसंत पडला तो आवाजामुळेच, पण हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आमचं घर सूर्यमाळच्या खालच्या पाड्यात. एका भिंतीला लागून दोन घरं आणि पुढे एकच अंगण. एका घरात मी आणि गोरख. मुलगी सोनी आश्रमशाळेत असते. दुसऱ्यात गोरखचा थोरला भाऊ नवसू आणि नवसूची बायको सकू. गोरख सकूला वयनी म्हणतो म्हणून मीही वयनी म्हणते. पाड्यात सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. मी रागावले की वयनीला अहो-जाहो करते. या दोन वर्षांत मी तिला बहुतेक वेळ अहो-जाहोच केलं आहे.

सकू लग्न होऊन आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती आणि गोरख पाच वर्षांचा. सासू-सासरे दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. पोरगं नव्या नवरीच्या गळ्यात. गोरख बोलायला उशिरा लागला आणि लागला तो असा बोबडा, की त्याच्या आईलाही काही उमगत नसे. सकूला सगळं कळायचं. तो बोलायचा आणि ती बाकीच्यांना सांगायची. सातव्या वर्षी त्याची जीभ सुटली, मग सुटली ती थांबलीच नाही. ही हकिगत मी माझ्या लग्नात ऐकली तेव्हा पोट धरून हसले होते.

दोन वर्षांपूर्वी, भात झोडून झालं होतं तेव्हाची गोष्ट. वयनी अंगणात नागली पाखडत होती. गोरख जीप लावून आला, आमच्याशी दोन शब्द बोलला आणि आंघोळीला गेला. वयनीने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "रविना, ह्यो परत बोबडा बोलाय लागलाय गो."

"थकला असेल," मी म्हणाले. खरं म्हणजे मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. पण माझ्या नवऱ्यातला बदल माझ्या आधी तिला कळावा हे मला आवडलं नाही, म्हणून मी तो विषय तिथेच मोडला. पुढे डॉक्टरांनी विचारलं की सुरुवात कधीपासून, तेव्हा मी महिनाभर पुढची तारीख सांगितली. वयनीच्या लक्षात आलं तो दिवस नाही, माझ्या लक्षात आलं तो.

लग्नसराईत मात्र सगळ्यांनाच कळलं. खोडाळ्याच्या एका मांडवात गोरखने माईक हातात घेतला आणि आहेर करणाऱ्यांची नावं त्याच्या तोंडातून पिठात पडल्यासारखी लडबडत बाहेर आली. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, आज गोरख सकाळपासूनच लावून आलाय. आमच्याकडे मोहाची दारू घरोघर, त्यामुळे दुसरा कसला विचार कुणाच्या डोक्यात यावा? माझ्याही आला नाही. तो घरी आला की मी पाणी द्यायच्या निमित्ताने त्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. वास यायचा तो बडीशेपेचा. तरी मला वाटायचं, बडीशेप खातो म्हणजे काहीतरी लपवतोय. पुढच्या महिन्यात प्रवासी दुसऱ्या जीपकडे वळायला लागले. पिऊन चालवणाऱ्याच्या गाडीत बायका पोरं घेऊन कशा बसतील?

भगताकडे गेलो, त्याने दाणे टाकले. दाताच्या डॉक्टरने एक दाढ काढली. एकाने सांगितलं लकवा मारून गेलाय, त्याच्या गोळ्या सहा महिने चालल्या. तोवर पाणी पिताना ठसका लागायला लागला. भाकरी जायची, पाणी जायचं नाही. हे उलटं का, ते मला कळेना. सकाळी उशी लाळेने ओली असायची. शेवटी जव्हारला आरोग्य शिबिर होतं, तिथे मी अंगणवाडीच्या कामाला गेले होते आणि त्याला बरोबर नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याला तोंड उघडायला लावलं. जीभ बाहेर काढू नका म्हणाल्या, आतच पडू द्या. आणि बॅटरी धरून बघत राहिल्या. मीही वाकून बघितलं. जीभ बाजूंनी बारीक झाली होती आणि तिच्यावर सगळीकडे बारीक फडफड चालली होती, तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचतात तशी. मी इतके महिने त्याच्या तोंडाचा वास घेतला, कधी आत बघितलं नाही.

नाशिकला हातापायात आणि जिभेत सुया टोचून तपासणी झाली. डोक्याचा, मानेचा फोटो झाला. मग डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, याला मोटर न्यूरॉनचा आजार म्हणतात. मेंदूकडून स्नायूंना सांगावा नेणाऱ्या ज्या नसा असतात त्या एकेक करून मरत जातात. यांच्या बाबतीत जीभ आणि घशापासून सुरुवात झाली आहे. पुढे हात, पाय, श्वास. बुद्धी शाबूत राहील, ऐकू येईल, सगळं कळेल. बरं करणारं औषध नाही. एक गोळी आहे, ती वेग थोडा कमी करते. "पण औषध नाही म्हणजे करण्यासारखं काही नाही असं समजू नका," ते म्हणाले. "खूप करता येतं. वेळेवर करायचं."

वर्षभरात त्याचं बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, शब्द नव्हते. सगळं नाकातून, एकात एक मिसळलेलं. मी म्हणायचे, परत सांग. तो परत सांगायचा. मी परत म्हणायचे, परत सांग. मग तो हात झटकायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. आणि अशा वेळी अंगणातून, हातातलं काम न थांबवता, वयनी म्हणायची, "तो म्हनतो, डाळीत मीठ कमी हाय."

माझ्या डाळीत मीठ कमी आहे हे मला जावेकडून कळायचं. कुठली बाई हे गोड मानून घेईल? आधी वाटलं, ही मनाचंच सांगते. एकदा ती म्हणाली, "तो म्हनतो, वयनीला च्या टाक," तेव्हा तर माझी खात्रीच पटली. म्हणून मी तिची परीक्षा घ्यायची ठरवली. नवसूभाऊही तिथे होते. मी गोरखला विचारलं, आपण पहिल्यांदा कुठे भेटलो, सांग. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती आणि त्यानेही सांगणार नाही अशी शपथ घेतली होती.

गोरख हसला आणि काहीतरी बोलला. वयनी लसूण सोलत होती. तिने मान वर केली आणि तोंडावर पदर घेतला. "जव्हारच्या डेपोच्या बाहेर तू ह्याच्या गाडीत बसलीस. आनि घाटात ह्याच्या पाठीवर उलटी केलीस."

नवसूभाऊ हसले, गोरख हसला आणि त्याचं हसू थांबेना. मीही हसले. पण ती पाठ, ते वळण, नंतर त्याने मला आणून दिलेलं लिंबू, हे आमच्या दोघांचं होतं. ते आता तिच्या तोंडात होतं. मी आत जाऊन भांडी घासली. एवढ्या जोराने घासली की एका पातेल्याचा कान निघाला.

तिला बघून तो रडायचा, हे तर आणखी. ती दारात आली की त्याचे डोळे वाहायला लागायचे, ती गेली की थांबायचे. मी दिवसभर त्याचं सगळं करते, माझ्यासाठी एक थेंब नाही. डॉक्टरांना मी हे विचारलं. ते म्हणाले, या आजारात रडू आणि हसू दोन्ही आवरत नाहीत, आपोआप येतात, त्याचा मनाशी फार संबंध लावू नका. मी हे वयनीला मुद्दाम घरी येऊन सांगितलं, अगदी डॉक्टरांच्या शब्दांत. "असंल," ती म्हणाली, आणि त्याचे डोळे पुसले. तिला काही लागलंच नाही.

सोनीच्या जुन्या पुठ्ठ्यावर मी अक्षरांचा तक्ता केला. बोट ठेवून शब्द जुळवायचे. गोरख चौथी शिकलेला, जोडाक्षराला अडायचा, आणि पुढे बोटंही आखडायला लागली. एका वाक्याला पंधरा मिनिटं. आणि पंधरा मिनिटांनी मी जे वाचायचे ते वयनीने आधीच ऐकलेलं असायचं.

तर बोलणं तिचं झालं. माझ्याकडे एक गोष्ट उरली, त्याचं जेवण. त्याला मी कुणाला हात लावू दिला नाही. अंगणवाडीत अठरा वर्षं मी पोरांना कसं भरवायचं ते आयांना शिकवते आहे, हे मला येतं. त्याला खुर्चीत ताठ बसवायचं. पाठीला गोधडी. पातळ काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नागलीचं पीठ शिजवून दाट करून. चहाच्या चमच्याने, अर्धाच चमचा. घास तोंडात गेला की हनुवटी छातीकडे वाकवायची, मग गिळायचं, म्हणजे चुकीच्या नळीत जात नाही. गिळून झाल्यावर एकदा खोकायचं. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. वयनीने तेव्हा दारात यायचंसुद्धा नाही, असा माझा नियम. "त्याचं लक्ष विचलित होतं," मी तिला सांगितलं होतं, "तुम्ही नंतर या." एक वाटी पेज संपायला दीड तास लागायचा. तो दीड तास तो माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे. मधे कुणाची गरज नसायची.

त्याच दिवसांत आमच्या पाड्यातल्या ठकीचं प्रकरण झालं. तिचा दीड वर्षाचा मुलगा तीव्र कुपोषित होता. मी तिला मुलासकट जव्हारला उपचार केंद्रात भरती केलं. चौथ्या दिवशी ती मुलाला घेऊन पळून आली. का, तर पोराला नाकातून नळी घातली म्हणून. मी तिच्या दारात उभी राहून तिला झाडलं. ती एकच म्हणत होती, "माझ्या हातचं खातो ना तो." मी म्हणाले, "हाताचं कौतुक पुरे. पोटात किती जातंय ते बघ." दुसऱ्या दिवशी तिला परत नेऊन सोडलं. मुलगा सुधारला. बैठकीत माझं नाव निघालं, टाळ्या पडल्या.

माघात नाशिकची तपासणी आली. वयनी आदल्या दिवसापासून म्हणत होती, "मी येते. डाक्तर काय इचारंल, तो काय सांगंल, तुला कळाय नको?" हे तिने साधेपणाने म्हटलं असणार. मला ते मिरचीसारखं लागलं.

"तुम्ही कशाला त्रास घेता," मी म्हणाले. "मोखाड्याहून एसटीला गर्दी असते. आणि गुरांना पाणी कोण दाखवील?"

सकाळी ती आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि गोरखच्या मानेला मफलर नीट बांधून गेली. मी तो त्र्यंबकच्या पुढे सोडून परत बांधला.

डॉक्टरांनी त्याला यंत्रात फुंकर मारायला लावली. बासष्ट टक्के आलं. वजन एकावन्न, सहा महिन्यांपूर्वी साठ होतं. मग ते खुर्ची ओढून गोरखच्या समोर बसले. म्हणाले, तोंडाने पुरेसं जात नाही आहे. पोटावर छोटं छिद्र करून नळी बसवायची, त्यातून अन्न द्यायचं. श्वासाची ताकद पन्नासच्या वर आहे तोवर हे करणं सोपं, खाली गेलं की धोक्याचं. साधारण दोन महिने आपल्या हातात आहेत. थोडं चवीपुरतं तोंडानेही घेता येईल. "तुमचं काय मत?"

मी तोंड उघडलं तर डॉक्टर म्हणाले, "मी त्यांना विचारतोय."

गोरख बोलला. बराच वेळ बोलला. हातवारे केले, एकदा माझ्याकडे बोट दाखवलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे. मला एक शब्द कळला नाही. तक्ता मी घरी विसरले होते. डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय म्हणतात?"

मला कळलं नाही, असं म्हणायला हवं होतं. फोन लावून वयनीला ऐकवता आलं असतं. फोन माझ्या पिशवीत होता. पण मी त्या नळीकडे बघत होते. टेबलावर नमुन्याला ठेवली होती, पांढरी, टोकाला झाकण. मनात आलं, एकदा ही बसली की भरवायला माझी काय गरज? कुणीही ओतेल. वयनीसुद्धा ओतेल. बोलणंही तिचं आणि जेवणही तिचं.

"तो नको म्हणतो," मी म्हणाले. "म्हणतो, मी तोंडानेच खाणार."

गोरखने माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी त्याला विचारलं, बरोबर आहे का? त्याने मान हलवली. हो.

परतीच्या गाडीत मला वाटलं, बघा, बरोबरच ओळखलं मी. नवरा-बायकोला शब्द कशाला लागतात? सूर्यमाळपर्यंत मी स्वतःला हेच सांगत होते. वयनी रस्त्यावर उभी होती. तिने विचारलं, डॉक्टर काय म्हणाला? मी म्हणाले, ठीक आहे म्हणाले, असंच चालू ठेवा.

पुढचे सात आठवडे मी असंच चालू ठेवलं. पेजेत तूप, शेंगदाण्याचं कूट, कुस्करलेलं केळं. दीड तासाचे दोन तास झाले. दोनदा असा ठसका लागला की तो निळा पडला. वयनी धावत आली आणि मी तिला म्हणाले, तुम्ही दारात आलात म्हणून त्याचं लक्ष गेलं. ती ऐकून घेऊन परत गेली. विहीर आटली, टँकर यायला लागला, पाण्याच्या रांगेत वयनी माझेही हंडे भरून आणायची, कारण मला भरवण्यातून उठता यायचं नाही. त्याचा शर्ट खांद्यावरून घसरायला लागला. मी तो आतून शिवून लहान केला.

एके दिवशी पोरं घरी गेल्यावर मी त्याला अंगणवाडीत आणलं, गरोदर बायांच्या वजनकाट्यावर उभं केलं. शेहेचाळीस. त्याला खाली उतरवून परत उभं केलं, परत शेहेचाळीस. त्याच वेळी ठकी मुलाला घेऊन आली, त्याच्या वजनाची पाळी होती. पोरगं असं गुबगुबीत झालं होतं की तिच्या कडेवर मावत नव्हतं. तिने गोरखकडे बघितलं.

"डाक्तर काय म्हनतो बाई?" तिने विचारलं.

"नळी बसवा म्हणतो. पोटात."

"मंग?"

"माझ्या हातचं खातो ना तो," मी म्हणाले.

ठकीने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती जमिनीकडे बघत राहिली, माझी लाज तिलाच वाटल्यासारखी. मला माझा आवाज ऐकू आला. पोराचं वजन घेतलं, लिहिलं, तिला पाठवून दिलं. वहीत आकडा दोनदा गिरवावा लागला.

घरी आले. वयनी ओट्यावर वरई निवडत बसली होती. मी गोरखला तिच्यासमोर बसवलं आणि मी खाली बसले.

"वयनी, तू ऐक," मी म्हणाले. तिने चटकन वर बघितलं. कितीतरी महिन्यांनी मी तिला तू म्हटलं होतं. "नाशिकला डॉक्टरांनी ह्याला विचारलं, नळी बसवायची का. हा खूप बोलला. मला काही कळलं नाही. मी खोटंच सांगितलं, हा नको म्हणतो म्हणून. आता ह्याला विचार, त्या दिवशी हा काय बोलला होता."

वयनी मला झोडपेल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ती नुसती गोरखकडे वळली. "सांग रं."

तो सांगायला लागला. आवाज आता आणखी बारीक झाला होता. वयनी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, खाली सुपाकडे बघत होती, बोटं वरईत फिरत होती. मग बोटं थांबली.

"तो म्हनतो," ती म्हणाली, "नळी बसवा. म्हंजे हिला जेवाय मिळंल. मला भरवता भरवता हिचं जेवान ऱ्हातं. रोज गार भाकर उभ्यानं खाऊन पोरांकडं पळते. कधी खातबी नाय. मी समोर बसून बघतो, माझ्या घशाखाली घास कसा जाईल?"

दीड-दोन तास तो माझ्याकडे बघायचा, ते मी प्रेम समजत होते. प्रेमच होतं. पण तो माझं रिकामं पोट बघत होता.

गोरख आणखी काही बोलला. वयनीने वरई सुपाच्या एका बाजूला सारली. "म्हनतो, तू नको म्हनालीस तवा त्याला कळलं, की तुला हातानंच भरवायचं हाय. म्हनून मान हलवली. तुला खोटं पाडायचं नव्हतं." ती सूप घेऊन उठली. जाता जाता म्हणाली, "मला नव्हतं सांगितलं ह्यानं. येवढे दिस माझ्याशी बोलतो, ह्ये नाय सांगितलं."

तशा अवस्थेतही मला त्या वाक्याने गुदगुल्या झाल्या. माझा स्वभावच असा आहे, तो आजाराने बदलत नाही.

दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीने निघालो, तिघं. वयनीला मी खिडकीची जागा दिली. वाटेत तिला विचारलं, तुला कळतं तरी कसं? ती म्हणाली, "तू त्याच्या तोंडाकडं टक लावून बघतेस, म्हनून तो घाबरतो. अर्धं बोलला का तू पुढचं बोलतेस. मी आपली काम करत बसते. त्याचं व्हईल तवा व्हईल." डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त गोरखकडे वळून म्हणाले, पुन्हा फुंका. त्रेपन्न. "आणखी उशीर केला असतात तर मला नाही म्हणावं लागलं असतं," ते म्हणाले. "धोका वाढलाय, पण करू." नळी बसेपर्यंत आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तिने माझा हात धरला नाही, मीही तिचा धरला नाही. पण एकाच डब्यातली भाकरी खाल्ली.

आता नळीला महिना झाला. गाळलेली पेज, दूध, पातळ केलेलं अंडं. आधी कोमट पाणी, नंतर कोमट पाणी, नळी धुवायची, अर्धा तास ताठ बसवायचं. वीस मिनिटांत होतं. पुढच्या तपासणीला श्वासाला मदत करणारं यंत्र द्यायचं बोलणं आहे. आजार थांबलेला नाही, पाय जड व्हायला लागलेत. वजन मात्र एकोणपन्नास. सगळं संपल्यावर मी त्याला चवीला एक चमचा दाट पेज तोंडाने देते. हनुवटी खाली, गिळ, खोक. तो एक घास माझा आहे, आणि तो मी अजूनही कुणाला देऊ देत नाही.

काल दुपारी त्याचं झालं आणि मी माझं ताट त्याच्यासमोर घेऊन बसले. गरम भाकरी, उडदाची डाळ. मी मान खाली घालून खात होते, त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते. वयनी दारात घोटाळत होती. गोरख काहीतरी बोलला. वयनीने सांगायला तोंड उघडलं.

"कळलं मला," मी म्हणाले. "आणखी एक घे म्हणतोय." आणि मी टोपलीतून दुसरी भाकरी घेतली.

गोरख हसला, मग रडला, मग परत हसला. मी वयनीकडे बघितलं. तिने पदराने हात पुसले, खरं तर हात कोरडेच होते, आणि तिचा चेहरा जरासा उतरला. ती परत अंगणाकडे वळली. तो चेहरा मी कुठेही ओळखीन. दोन वर्षं तो माझा होता.

मी दुसरं ताट घेतलं आणि माझ्या शेजारी मांडलं. "वयनी," मी म्हणाले, "हात धू आणि जेवायला बस. त्याला अजून बोलायचंय, मला सगळं थोडंच कळणार आहे."